खोडण्याआधी विचारा

(विठ्ठलवाडी इथे भरलेल्या महिला गटांच्या बैठकीतलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मला विषय दिला होता 'स्त्रिया आणि नवं तंत्रज्ञान'. तो मी बाजूला ठेवते. तंत्रज्ञान म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी गप्प होतात आणि उरलेल्या मुलाला फोन लावतात. मी आज भांडणाबद्दल बोलणार आहे. ते आपल्याला चांगलं येतं. निदान नकाशाचं काम सुरू करेपर्यंत मला तरी तसं वाटत होतं.

आमच्या गटातल्या सहा-सात जणी गेली तीन वर्षं इंटरनेटवरच्या एका नकाशात भर घालतात. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो इंग्लंडमध्ये सुरू केला. तिथलं सरकारी नकाशा खातं लोकांच्या पैशांतून नकाशे काढायचं आणि लोकांनाच ते पैसे मोजून घ्यावे लागायचे, ह्याची ती चीड होती. विकिपीडिया हा लोकांनी लिहिलेला ज्ञानकोश, तसा हा लोकांनी काढलेला नकाशा. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या भागातला रस्ता, विहीर, शाळा, दवाखाना त्यावर घालावा. पगार नाही, मानधन नाही. आपल्याला त्याची सवय आहेच.

तुम्ही म्हणाल, गूगलचा नकाशा आहे की फोनमध्ये. आहे. त्यांनीही २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाने लोकांकडून रस्ते काढून घ्यायला सुरुवात केली होती आणि भारतातल्या हजारो पोरांनी रात्री जागून ते काढले. मार्च २०१७ मध्ये ते बंद झालं. काढलेले रस्ते कंपनीच्या नकाशात राहिले. ओपनस्ट्रीटमॅपवर आपण घातलेली माहिती कुणालाही फुकट वापरता येते, म्हणून आम्ही तो निवडला. पण तिथे जसं कुणीही काही घालू शकतं, तसं कुणीही खोडूही शकतं. सगळी भांडणं तिथून निघतात.

आपलं स्टेशनच बघा. एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला कल्याण पूर्व. दोन महानगरपालिका, आणि दोन्हीकडची माणसं म्हणणार आमचं विठ्ठलवाडी. पुण्याला सिंहगड रस्त्यावर आणखी एक विठ्ठलवाडी आहे, ती वेगळीच. रेल्वेच्या इंग्रजी नावात एक 'टी' आहे. आपल्या मराठीत ठ ला ठ जोडलेला. मग आमच्यातली एक शिक्षिका बाई हट्टाला पेटली, की इंग्रजीतही दोन 'टी' हवेत. तिने बदललं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा एक केला. तिने पुन्हा दोन केले. चार दिवस हे चाललं. शेवटी कुणीतरी खाली लिहिलं, "ताई, पाटीवर काय आहे ते सांगा." ती पाटीवर बघून आली आणि गप्प बसली. मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, तिथे तिने 'विठ्ठलवाडी' नीट लिहिलं. ते अजून तसंच आहे, कुणी हात लावलेला नाही.

त्या प्रश्नामागे ह्या नकाशाचा सगळ्यांत मोठा नियम आहे. जमिनीवर जे आहे ते नकाशावर. तुम्हाला काय हवं, सरकारला काय हवं, देशाला काय हवं, ते नंतर. सुरुवातीच्या काळात सायप्रस बेटाच्या उत्तर भागातल्या गावांची नावं ग्रीक लिहायची की तुर्की, ह्यावरून संपादकांत खोडाखोडीची लढाई जुंपली होती. अशा भांडणांतून तो नियम पक्का झाला. २०१४ साली क्रिमिया रशियाने घेतला तेव्हा तंटे सोडवणाऱ्या गटाने काही काळ तो प्रदेश दोन्ही देशांच्या हद्दीत राहू दिला. म्हणजे नियम असला तरी सगळं सोपं होतं असं नाही. बेळगाव तर आपल्याला जवळचं. २०१४ पासून ते सरकारी कागदांवर बेळगावी आहे. मराठीच्या रकान्यात बेळगाव लिहा, कन्नडच्या रकान्यात बेळगावी, कुणी अडवत नाही. मात्र सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत काय, हा प्रश्न आला की झालं सुरू.

हा तंटे सोडवणारा गट स्वयंसेवकांचाच आहे. डेटा वर्किंग ग्रूप म्हणतात त्याला. त्यांच्याकडे एक शिक्षा आहे, ती मला फार आवडते. शून्य तासांची बंदी. म्हणजे तुम्हाला काम करायला मनाई नाही, पण तुम्हाला पाठवलेला निरोप उघडून वाचल्याशिवाय पुढे काहीच बदलता येत नाही. आधी ऐक, मग कर. ही शिक्षा घरोघर लागू करता आली असती तर आपल्या निम्म्या बैठका वाचल्या असत्या.

आता आमचं पहिलं मोठं भांडण सांगते. स्टेशनकडून आत वस्तीत जाणारा एक रस्ता आहे. कुठला ते सांगत नाही, का ते पुढे कळेल. रात्री उशिराच्या लोकलने उतरणाऱ्या बायका त्या रस्त्याने जीव मुठीत धरून चालतात. आमच्या गटात दोघींनी तिथले वाईट अनुभव सांगितले. मी घरी गेले आणि त्याच रागात नकाशावर त्या रस्त्याच्या वर्णनात लिहिलं, 'महिलांसाठी असुरक्षित'. मला वाटलं, केवढं काम केलं. दुसऱ्या दिवशी ते खोडलेलं. खाली निरोप, "सर, नकाशावर मतं लिहीत नाहीत. दुसऱ्या माणसाला जाऊन तपासता येईल तेवढंच लिहितात."

सर! मी तिथे 'विठाई' नावाने लिहिते. तरी सर.

मी जे उत्तर लिहिलं ते इथे वाचून दाखवत नाही. त्यात पुरुषसत्ता होती, त्यांची आई-बहीण होती, रात्रीच्या लोकलने एकदा येऊन बघण्याचं आव्हान होतं. तुम्हाला घरात बसून नियम सुचतात असंही होतं. ते सगळं आजही तिथे आहे, कारण त्या नकाशावर केलेला प्रत्येक बदल आणि त्याखालचं प्रत्येक बोलणं नाव-तारखेसह कायम राहतं. मी मराठीत भांडले होते. त्या माणसाने मराठीतच शांतपणे उत्तर दिलं. 'सर'बद्दल माफी मागितली आणि एकच विचारलं, "तिथे दिवे आहेत का? दिव्यांसाठी रकाना आहे."

हे मी आमच्या बैठकीत ठेवलं. मला वाटलं, सगळ्या माझ्या बाजूने उभ्या राहतील. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या एक मावशी त्या दिवशी आल्या होत्या. घरकाम करतात, तीस वर्षं तिथे राहतात. त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, "आमच्या गल्लीला तू असुरक्षित म्हणून जगभर लावलंस? आमच्या पोरींना उद्या कोण करून घेईल? पोलीस आमच्याच पोरांना उचलतील. त्रास देणारे कुठून येतात ते तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, बहुतेक बाहेरून येतात, दारू प्यायला, कारण तिथे अंधार असतो.

बघा, दोन माणसं. एक कुठेतरी बसलेला अनोळखी संपादक, एक आमच्याच वस्तीतल्या मावशी. एकाला नियमाचं पडलं होतं, दुसरीला अब्रूचं. दोघंही तेच सांगत होते, की तू शिक्का मारलास. बाईच्या बाजूने मारलेला शिक्कासुद्धा गरीब वस्तीवर बसला की तो गरिबांवरच बसतो. हे मला तोवर कळलं नव्हतं आणि कार्यकर्ती म्हणून वीस वर्षं काढल्यावर ते कळावं, ह्याची लाज वाटली.

मग आम्ही पाच जणी, मावशींसकट, रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गेलो. खांब मोजले. नऊ. पेटलेले तीन, तेही सगळे मुख्य रस्त्याच्या तोंडाशी. मी नकाशावर लिहिलं, रस्त्याच्या आतल्या भागात दिवे नाहीत. लगेच त्या भल्या माणसाचा प्रश्न, "खांब आहेत म्हणता. मग दिवे आहेतच, तात्पुरते बंद असतील. तात्पुरती गोष्ट नकाशावर घालत नाहीत."

तात्पुरतं म्हणजे किती दिवस? मैत्रिणींनो, ह्या प्रश्नावर आपली अर्धी चळवळ उभी आहे. मी ह्या वेळी आवाज चढवला नाही. पुढच्या महिन्यात गेलो, तेच सहा खांब बंद. त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो, तेच सहा. तिन्ही तारखा लिहिल्या. तो म्हणाला, "ठीक, आता हे तात्पुरतं म्हणता येणार नाही." आणि त्याने स्वतः रस्त्याचे दोन तुकडे करून आतल्या तुकड्यावर 'दिवे नाहीत' असं लावलं. मला मानावं लागलं. माझ्या 'असुरक्षित' शब्दावर कुणी वाद घालू शकलं असतं, ह्या तीन तारखांवर कुणी घालू शकत नाही. दिव्यांसाठी अर्ज केला तेव्हा तोच नकाशा छापून जोडला. अर्जाचं पुढे काय झालं ते वेगळ्या बैठकीत सांगेन, ती गोष्ट लांब आहे.

मी त्या माणसाचं इतकं कौतुक केलं म्हणून कुणी असं समजू नका, की नियम पाळला की सगळं न्याय्य होतं. नियमाला उत्तर देता येतं, पण कुठल्या वस्तूंना रकाना असावा हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. ती जागा बघायला हवी.

पाळणाघराचं उदाहरण घ्या. ह्या नकाशावर प्रत्येक वस्तूसाठी एक ठरलेला शब्द असतो. २०११ साली 'पाळणाघर' ह्यासाठी वेगळा शब्द असावा असा प्रस्ताव आला. चर्चा झाली, मतं घेतली आणि तो पडला. म्हणणं काय, तर बालवाडीसाठी शब्द आहे, तोच वापरा. आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीतली कुठलीही नोकरी करणारी बाई उठवून विचारा, बालवाडी आणि पाळणाघर एकच का? बालवाडी तीन तास. सकाळची लोकल धरून मुंबईला जाणाऱ्या आणि संध्याकाळी सातला परतणाऱ्या बाईला त्या तीन तासांचा काय उपयोग? पाळणाघर कुठे आहे, किती वाजेपर्यंत उघडं आहे, ह्यावर तिची नोकरी टिकते. त्याच वेळी ह्याच नकाशावर कुंटणखान्यासाठी वेगळा शब्द होता, कपडे उतरवत नाचणाऱ्या बायकांच्या क्लबसाठी वेगळा, आणि जोडीदार बदलण्याच्या क्लबसाठी आणखी वेगळा. तिथला बारीक फरक लगेच कळत होता. मोनिका स्टीफन्स नावाच्या अमेरिकन भूगोल अभ्यासक बाईंनी २०१३ साली ह्यावर लेख लिहिला आणि मग जरा चर्चा झाली. निरनिराळ्या पाहण्यांत दिसलं आहे, की नकाशा काढणारे बहुसंख्य पुरुषच. त्यांनी काही कट केला नव्हता. पोरं सांभाळण्याचा प्रश्न त्यांच्या दिवसात आलाच नव्हता, एवढंच.

पण त्याच नकाशाची गंमत अशी, की मतदानात पडलेला शब्दसुद्धा वापरायला बंदी नसते. बायका आणि काही शहाणे पुरुष तो वापरत राहिले. हळूहळू तो इतका रुळला, की आज तो रीतसर यादीत आहे. आम्ही काटेमानिवली आणि आसपासची घरगुती पाळणाघरं विचारून विचारून घातली. ज्या बाईंनी 'नको' म्हटलं त्यांची घातली नाहीत. त्या आपल्या घरात चार मुलं सांभाळतात, घर त्यांचं आहे.

बायकांनी ह्या कामात एकमेकींना शोधलंही. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या नकाशा काढणाऱ्या बायकांनी 'गिओचिकास' नावाचा गट केला. त्यांनी शहराशहरांतले रस्ते मोजले, किती रस्त्यांना बाईचं नाव आहे आणि किती पुरुषांचं. ते काम आपण कल्याणात केलं तर काय निघेल, हे मोजायच्या आधीच मला सांगता येईल. डिसेंबर २०२० मध्ये ह्या आणि इतर गटांनी एक खुलं पत्र काढलं. बायकांबद्दल हीन भाषेत लिहिलेल्या एका निरोपावरून ते निघालं होतं, पण म्हणणं त्या एका निरोपापुरतं नव्हतं. वर्षानुवर्षं काम केलेला माणूस कसाही बोलला तरी चालतं, आणि नवी आलेली बाई एकदा चुकली तर तिला धडा शिकवतात, असं ते होतं. त्यानंतर बोलण्या-वागण्याचे लेखी नियम आले. आपल्या संघटनांतही हे पत्र वाचून दाखवावं असं मला बरेचदा वाटलं आहे. कुठल्या संघटनेत, ते विचारू नका.

आता वस्त्यांच्या नावांकडे येते. इथे आमच्यातच फूट पडली होती. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही नावं जावीत आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी यावीत. निर्णय चांगला. पण पाटी बदलायला, कागद बदलायला वेळ लागतो. तालुक्यातल्या एका गावात आम्ही नकाशा करायला गेलो तेव्हा वस्तीने नवं नाव घेतलं होतं, स्वतः रंगवून कमान लावली होती, आणि गावाच्या वेशीवरच्या फलकावर मात्र जुनंच होतं. जमिनीवर काय आहे? दोन्ही आहे. वेशीवरचा फलक ज्यांनी लावला त्यांच्या तोंडी जुनं, वस्तीच्या तोंडी नवं.

आम्ही नवं लिहिलं. एका संपादकाने जुनं नाव 'पूर्वीचं नाव' ह्या रकान्यात घातलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. जुन्या कागदांत तेच नाव असतं, शोधणाऱ्याला सापडलं पाहिजे, असं त्याने लिहिलं. आमच्यातली एक म्हणाली, खोडा, जातीची शिवी नकाशाच्या पोटात कशाला हवी. दुसरी, जी स्वतः तशाच वस्तीत वाढली, ती म्हणाली, खोडू नका. माझ्या आजीच्या जमिनीच्या कागदावर तेच नाव आहे. उद्या कुणी म्हणेल, अशी वस्ती कधी नव्हतीच. दोन तास वाद झाला, एक जण रडली. शेवटी मावशींचा धडा आठवला आणि आम्ही वस्तीतल्या बायकांना विचारायला परत गेलो. त्यांच्यातही एकमत नव्हतं. म्हाताऱ्या एका बाजूला, सुना दुसऱ्या बाजूला. त्या म्हणाल्या, आम्हाला पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. ती बैठक अजून झालेली नाही, आणि तोवर आम्ही त्या रकान्याला हात लावलेला नाही. त्या संपादकालाही तसं कळवलं आहे, तोही थांबला आहे. सगळी भांडणं मिटवायचीच असतात असं नाही.

शेवटचं सांगते ते मला सांगायला जड जातं. पण तेच सांगायला मी उभी राहिले आहे.

आम्ही कॉलेजच्या मुलींचं एक शिबिर घेतलं होतं. नकाशावर कसं लिहायचं ते शिकवलं. त्यातली एक फार हुशार मुलगी. ती आमच्या एका कार्यकर्तीबरोबर एकदा, घर सोडून आलेल्या एका बाईला पोचवायला, निवारागृहात गेली होती. ठाणे जिल्ह्यात कुठेतरी, एवढंच सांगते. त्या घरावर पाटी नाही, मुद्दामच नाही. त्या मुलीने चांगल्या मनाने त्या घरावर नकाशात लिहिलं, 'महिलांसाठी निवारा'. तिला वाटलं, संकटातल्या बाईला सापडेल. आम्ही शिबिरात तिला दिवे शिकवले, स्वच्छतागृहं शिकवली, पाळणाघरं शिकवली. काय लिहू नये ते शिकवलंच नाही. चूक तिची नव्हती.

मला ते रात्री अकराला दिसलं. छातीत धस्स झालं. त्या घरात तेव्हा जी बाई होती तिचा नवरा तिला शोधत आमच्या ऑफिसात दोनदा येऊन गेला होता. मी तत्काळ ते खोडलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'चुकीची नोंद'.

सकाळी ते परत आलं होतं. आणणारा तोच, दिव्यांवाला. त्याने लिहिलं होतं, "नवीन सदस्याने चांगली माहिती घातली होती, तुम्ही कारण न देता खोडलीत. नव्या माणसांना असं करू नये. निवारा बंद झाला आहे का?" बघा, तो नियमाने वागत होता. नव्या आलेल्या मुलीची बाजू घेत होता. हेच तर आम्ही त्याच्याकडे मागत होतो!

आणि मला उत्तर देता येईना. जे लिहीन ते जगासमोर. 'हा गुप्त निवारा आहे' असं लिहिलं की खुणेवर बोट ठेवलं. मी खोटं लिहिलं, "हो, बंद झाला." आणि पुन्हा खोडलं. त्याने विचारलं, कधी, तुम्ही जाऊन पाहिलंत का? तेवढ्यात तिसरा कुणी, दुसऱ्या राज्यातला, मध्ये पडला. म्हणाला, ही बाई कारण न देता खोडते आहे, आधीही भांडली होती. आणि माझं ते जुनं उत्तर, आई-बहिणीचं, त्याने पुरावा म्हणून दाखवलं. मी एकदा आरडाओरडा केला होता, म्हणून आता मी खरी असूनही खोटी दिसत होते. आणि त्यात मी खरंच खोटं बोलले होते. ह्या गोंधळात दोन दिवस ती नोंद कधी दिसत होती, कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या कार्यकर्तीने मला विचारलं, "त्याला तू खाजगी निरोप का पाठवत नाहीस?" तशी सोय होती. मला ती माहीतही होती. पण माझ्या मनात तो अजून 'तो माणूस' होता. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याच्या हातात एका बाईचा जीव कसा द्यायचा? तो स्वतःच कुणाचा नवरा असला तर? रात्रभर विचार केला. मग लिहिलं. जेवढं लागतं तेवढंच लिहिलं. ह्या घरात ज्या राहतात त्यांना शोधणारी माणसं आहेत, मी तुमच्याशी खोटं बोलले, मला दुसरं सुचलं नाही.

वीस मिनिटांत नोंद गेली. तिथे नुसती घराची चौकट उरली, जशी शेजारच्या सगळ्या घरांना आहे. त्याने त्या तिसऱ्यालाही काहीतरी सांगितलं असावं, कारण तोही गप्प झाला. मग त्याने मला कळवलं, की खोडलं तरी जुन्या नोंदी इतिहासात दिसतात, पण त्या झाकता येतात, ते काम डेटा वर्किंग ग्रूप करतो. मी कळवतो, तुम्हीही कळवा, दोघांनी कळवलेलं बरं. त्या नोंदी झाकल्या गेल्या. माणसांना धोका होईल अशी खाजगी माहिती नकाशावर घालू नये असा संकेत तिथेही आहे. जमिनीवर आहे ते नकाशावर, हा नियम तिथे थांबतो. हे मला माहीत असतं तर पहिल्याच रात्री, खोटं न बोलता, योग्य माणसाला गाठता आलं असतं.

निवारागृहाच्या ताईंना आम्ही स्वतः जाऊन सांगितलं. त्या खूप रागावल्या आणि रागावल्या ते बरोबरच होतं. त्यांनी त्या बाईला दुसरीकडे हलवलं. काही वाईट झालं नाही. पण एक बाई, नुकती कुठे झोपू लागली होती, तिला पुन्हा बोचकं बांधावं लागलं ते आमच्यामुळे.

त्या मुलीला आम्ही गटातून जाऊ दिलं नाही. तीच आता नव्या मुलींना पहिला तास घेते. तिने फळ्यावर लिहायची यादी केली आहे, नकाशावर काय घालायचं नाही त्याची. निवारा. एकटी बाई राहते ते घर. गर्भपातासाठी बायका जातात त्या दवाखान्याबद्दल ऐकीव गोष्टी. कुणाच्या घरातलं पाळणाघर, तिला न विचारता. यादी वाढत असते. मागच्या महिन्यात एकीने विचारलं, पहाटे बायका उघड्यावर जिथे जातात त्या जागा घालायच्या का? स्वच्छतागृहाच्या मागणीसाठी त्याचा उपयोग होईल. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी'च्या मैत्रिणींनी स्वच्छतागृहं मोजली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे हे पुराव्यानिशी दाखवलं, तसं. पण ती पहाटेची जागा नकाशावर आली, तर तिथे आणखी कोण पोचेल? आम्ही ती घातली नाही. जवळचं स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, बायकांसाठी आहे का, पैसे घेतात का, किती वाजता कुलूप लागतं, एवढंच घातलं.

एक गोष्ट राहिली. 'जाऊन बघा' हे सांगणं सोपं आहे. रात्री दिवे बघायला, पहाटे कुलूप बघायला पुरुष एकटा जातो. आम्हाला पाच जणी जमवाव्या लागतात, घरी सांगावं लागतं, परतायला उशीर झाला तर उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे आमची एक नोंद व्हायला तीन आठवडे लागतात आणि ती खोडायला अर्धा मिनिट. हे मी त्या माणसालाही लिहिलं. त्याने उत्तर दिलं, "मग खोडण्याआधी मी तीन आठवडे थांबेन." तो ते पाळतो. तो कोण, कुठला, वय काय, मला आजही ठाऊक नाही.

पुढचं काम सांगते आणि बसते. येत्या महिन्यात खडेगोळवली ते स्टेशन हा रस्ता घ्यायचा आहे. दिवे, स्वच्छतागृहं, रिक्षा कुठे मिळते आणि किती वाजेपर्यंत मिळते. संध्याकाळी सातला तिकीट खिडकीपाशी जमायचं. ज्यांच्या फोनमध्ये जागा नाही त्यांनी वही आणा, आम्ही नंतर भरू. बॅटरी प्रत्येकीने आणा, मागच्या वेळी सात जणींत दोनच होत्या. आणि मावशी येणार आहेत, तेव्हा उशीर करू नका, त्या थांबत नाहीत.